सरकीला युरिया द्यायच्या आधी

सरकीला, म्हणजे उभ्या कपाशीला, युरिया द्यायचा म्हटलं की आपण आधी दुकानाकडं पळतो. मी सांगतो, आधी बैलांचं बघा. टाकलेला युरिया मातीआड करायला बैलांचं कोळपं लागतं. ते कोण धरणार, जोडी कुणाची, कोणत्या दिवशी सकाळी येणार, हे पक्कं झाल्याशिवाय गोणीची शिवण उसवू नका. मागच्या साली मी इथंच चुकलो. बाया लावून चार एकराला युरिया टाकून घेतला, बैलवाला ‘उद्या येतो’ म्हणाला आणि चौथ्या दिवशी आला. जमीन ओली, वरून कडक ऊन. दुसऱ्या दिवशी सांजच्याला वाकून बघितलं तर दाणे विरघळलेले, ओळीनं नुसते पांढरट डाग आणि नाकात झोंबणारा वास. तो वास म्हणजे आपलंच नत्र (नायट्रोजन) हवेत चाललेलं असतं.

युरिया ओल्या मातीला लागला की त्याचा अमोनिया होतो. मातीआड असला तर माती त्याला धरून ठेवते, उघड्यावर असला तर उडून जातो. त्यात आपली काळी जमीन चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या पुढंमागं, म्हणून इथं जास्तच उडतो. ‘निमकोटेड आहे, काही होत नाही’ असं कुणी म्हणेल. निंबोळीचं आवरण २०१५ पासून सगळ्याच युरियाला आहे, पण त्याचं काम मातीत गेल्यावर सुरू होतं. वर पडलेल्याला ते वाचवत नाही. त्या साली बांधाकडच्या सहा ओळी घरच्यांनी खुरप्यानं झाकल्या होत्या. तीन आठवड्यांनी त्या सहा ओळी काळ्याभोर आणि बाकीचं रान पिवळट. बघायला उभं राहवत नव्हतं.

आता किती आणायचा ते. कोरडवाहू बीटी कपाशीला परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ६० किलो पालाश अशी आहे. म्हणजे एकरी ४८ किलो नत्र. पेरणीला एकरी डीएपी खताची एक गोणी टाकली असेल तर त्यातून ९ किलो गेलं. राहिलं ३९. युरियाची गोणी ४५ किलोची, तिच्यात नत्र जेमतेम पावणेएकवीस किलो. एकरी दोन गोण्या झाल्या, पहिली पेरणीनंतर महिन्यानं आणि दुसरी दोन महिन्यांनी. दोन्ही एकदम देऊन मोकळं व्हायचं मनात आणू नका. झाड नुसतं माजतं, कोवळ्या पाल्यावर तुडतुडे अन् मावा तुटून पडतात आणि फवारणीचा खर्च वाढतो. पालाश पेरणीला राहिला असेल तर पहिल्या हप्त्यात उरकून घ्या. गोणी घ्यायला आधार आणि अंगठा लागतो, घरातलं माणूस सोबत न्या. पावती घ्या.

महिना म्हणजे कॅलेंडरवरचा तिसावा दिवस नव्हे. पंचविसाव्यापासून चाळिसाव्या दिवसापर्यंत जेव्हा वाफसा येईल, म्हणजे रान ना चिखल ना कोरडं असेल, तो दिवस आपला. चार बोटं खालची माती मुठीत दाबा. गोळा होऊन टाकल्यावर फुटला तर चालू करा. हाताला चिकटली तर थांबा. भेगा पडलेल्या, धूळ उडणाऱ्या रानात टाकून पावसाची वाट बघत बसू नका, आणि साचलेल्या पाण्यात तर मुळीच नको, तिथं नत्र खाली झिरपतं नाहीतर वायू होऊन जातं. मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाचा कृषी सल्ला येतो, तो बघा. हलका पाऊस सांगितला असेल तर उत्तम. धो धो सांगितला असेल तर दोन दिवस धीर धरा.

टाकायच्या आधी खुरपणी झालेली पाहिजे. गवताला युरिया सरकीच्या आधी लागतो.

बाया सांगताना जोडीचा दिवस पुन्हा विचारा. फोन करून नाही, आदल्या सांजेला घरी जाऊन. आता गावात जोड्याच मोजक्या राहिल्यात, एकेकाच्या मागं दहा-दहा जण लागलेले असतात. जोडी येत नसेल तर बायांनाही नको म्हणा, एक दिवसानं काही बिघडत नाही. बैलांना मुसकी बांधा, नाहीतर शेंडे जातात.

चार बाय दीड फुटावर एकरी सव्वासात हजार झाडं बसतात, गोणीमागं झाडाला सहा ग्रॅम येतो. किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा झाकणभर युरिया मोजून घ्या आणि तेच झाकण बायांना दाखवा, नाहीतर कडेच्या ओळींना मुठीनं पडतो आणि मधल्यांना चिमटीनं. बुडापासून चार बोटं लांब टाकायचा, पानावर नको. बाया दहा ओळी पुढं गेल्या की मागून कोळपं घाला. सकाळी टाकलेला दुपारपर्यंत मातीआड. जोडी मधेच थांबली तर बायांनाही थांबवा किंवा त्यांच्याच हातात खुरपी द्या. उघडा ठेवून जेवायला जाऊ नका.

दुसरा हप्ता साठाव्या दिवसाच्या आसपास. जून अखेरीची पेरणी असेल तर तो नेमका पोळ्यात सापडतो. खांदेमळणीला आणि पोळ्याला कुणी बैल जुंपणार नाही, तेव्हा तारीख आधीच अलीकडं नाहीतर पलीकडं धरा. फांद्या भिडल्या असतील तर कोळपं विसरा, खुरप्यानं उकरून झाकायचं.

पावसाचा मोठा खंड पडला तर जमिनीतून काहीच नको, दोन टक्के युरिया फवारा, दहा लिटरला २०० ग्रॅम. नव्वद दिवसांनंतर युरिया नको. लाल्या दिसला, म्हणजे पानं लाल पडायला लागली, तर मॅग्नेशियम सल्फेट फवारा.

रिकाम्या गोण्या आणि युरिया कालवलेली बादली गोठ्याकडं नेऊ नका. जनावरानं चाटलं तर विषबाधा होते.