सॅन डिएगोच्या अंगणातलं घायपात

आजोळी बांधावरचं घायपात कुणी मुद्दाम लावल्याचं मला आठवत नाही. ते असायचंच. म्हणून इथे घर घेतल्यावर शॉचं घायपात (शास्त्रीय नाव अगेव शॉई) आणलं, तेव्हा वाटलं, याला काय लागतं? डोक्यात मृगाचा हिशोब. जूनमध्ये लावलं, रोज संध्याकाळी पाणी घातलं. ऑगस्टात बुड कुजलं आणि रोप हातात आलं.

सॅन डिएगोच्या पॉइंट लोमापासून दक्षिणेला मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत समुद्रकाठच्या उतारांवर वाढणारं हे झाड. इथे पाऊस हिवाळ्यात, तोही वर्षाला साधारण १० इंच, आणि उन्हाळा कोरडा. तेव्हा आपलं कॅलेंडर उलटं धरायचं: लावणी नोव्हेंबरात, पावसाच्या तोंडावर.

आमची माती चिकण. तिच्यात खड्डा खणून वाळू भरली तर पाणी तिथेच साचतं, म्हणून दुसऱ्या वेळी फूटभर उंचवटा केला, मातीत बारीक खडी मिसळली. रोपाचं बुड जमिनीच्या दोन बोटं वर ठेवलं. खत अजिबात नाही. लावल्यावर एकदा भरपूर पाणी. पहिल्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा. पुढे पानं सुरकुतली तरच. हिरवळीच्या ठिबकची नळी याच्यापासून लांब ठेवा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

समुद्राजवळ दिवसभर ऊन चालतं. एल कहोनसारख्या आतल्या भागात दुपारनंतर सावली हवी आणि कडाक्याच्या थंडीत रात्री पांघरूण. वाटेपासून चार-पाच फूट आत लावा. काटे पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. चीक अंगाला लागला की खाज सुटते, हातमोजे घाला.

खालची पानं अचानक लोळली आणि मधला कोंब तेवढा ताठ राहिला, तर आत सोंड्या भुंग्याच्या अळ्या असतात. हे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, झाड वाचत नाही. मुळासकट काढून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टात नको.

रोप देशी झाडांच्या रोपवाटिकेतूनच घ्या. सीमेच्या या बाजूला रानात ही फार थोडी उरली आहेत, तिथून एक पिल्लूही (बुडाशी फुटलेलं रोप) उचलू नका.

फुलायला वीस ते चाळीस वर्षं लागतात, आणि फुललं की तो अख्खा पानांचा गुच्छ मग वाळतो. माझ्या झाडाला आठवा हिवाळा चालू आहे, बुडाशी दोन पिल्लं आली आहेत. मैत्रिणी मागतात, पण मी दोन्ही तिथेच ठेवली आहेत: आई वाळली की जागा त्यांनीच धरायची आहे.