वाड्याच्या दाराचा फोटो: चौकट सरळ, उजेड तिरका

वाई, मेणवली, साताऱ्याच्या जुन्या पेठा, मिरज, सांगलीचा गावभाग. या सगळ्या पट्ट्यात जुनी सागवानी दारं अजून टिकून आहेत, पण एकेक करून ती निघतात आणि त्या जागी लोखंडी शटर बसतं. म्हणून फोटो असा काढावा की दार गेल्यावरही ते कसं होतं हे बघणाऱ्याला नीट कळेल. उंबरा, पूर्ण चौकट, वरची गणेशपट्टी (चौकटीच्या माथ्यावरची गणपती कोरलेली आडवी पट्टी), दोन्ही बाजूंची हातभर भिंत आणि ओट्याची एखादी पायरी एवढं फोटोत आलंच पाहिजे. सर्वांत जास्त कापला जातो तो उंबरा, आणि त्याशिवाय दार हवेत तरंगल्यासारखं दिसतं.

पहिला प्रश्न अंतराचा. ओटा आणि भिंत धरून उभी चार मीटर जागा फोटोत हवी असेल, तर फोनच्या नेहमीच्या १x लेन्सने सुमारे पावणेतीन मीटरवर उभं राहावं लागतं आणि २x ने साडेपाच मीटरवर. जागा असेल तर २x च घ्या. जवळून काढलेल्या फोटोत दाराचा मधला भाग पुढे आल्यासारखा दिसतो आणि कडा बाहेर फुगतात. पेठेतल्या अरुंद बोळात मागे सरकायला जागा नसते. अशा वेळी लगेच ०.५x कडे वळू नका, कारण त्या लेन्समध्ये कोपऱ्यांवरचं कोरीवकाम ताणलं जातं. समोरच्या घरच्यांना विचारून त्यांच्या ओट्यावर किंवा दारात उभं राहिलं की मीटर-दीड मीटर सहज मिळतो.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची उंची. कॅमेरा दाराच्या बरोबर मध्यावर हवा. दार सात फुटी आणि जमिनीलगत असेल, तर मध्य साडेतीन फुटांवर येतो, म्हणजे एक गुडघा टेकून बसावं लागतं. तेच दार तीन फूट उंच ओट्यावर असेल, तर मध्य रस्त्यापासून साडेसहा फुटांवर जातो. तिथे फोन वर तिरपा केला की चौकटीचे दोन्ही खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात. फोन तिरपा न करता हात उंच धरा, किंवा इथेही समोरचा ओटा वापरा. कॅमेऱ्यातली ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा, चालू ठेवा, उंबऱ्याची रेघ आडव्या रेषेला समांतर आणा आणि चारही बाजूंना थोडी जादा जागा सोडा. नंतर स्नॅपसीड या फोटो ॲपमधल्या पर्स्पेक्टिव्हने उरलेला तिरपेपणा काढताना कडा कापल्या जातात, त्यासाठी ही जागा लागते.

एक मात्र सांभाळा. जुनी चौकट पुष्कळदा खरोखरच कललेली असते, कारण एका बाजूचा पाया खचलेला असतो. फोन अगदी ओळंब्यात धरूनही एकच खांब झुकलेला दिसला, तर तो झुकलेलाच आहे. सॉफ्टवेअरने त्याला ओढून सरळ करू नका. दाराच्या वयाची ती खूण आहे आणि ती फोटोत राहायलाच हवी.

आता उजेड. कोरीवकाम दिसतं ते सावलीमुळे, आणि सावली पडायला ऊन बाजूने यावं लागतं. आपल्या पट्ट्यात डिसेंबरमध्ये सूर्य आग्नेयेकडून वर येतो. त्यामुळे पूर्वेकडे तोंड असलेल्या दारावर सकाळी साडेनऊच्या सुमारास डावीकडून, साधारण चाळीस-पंचेचाळीस अंशांतून ऊन पडतं. गणेशपट्टीवरची वेलबुट्टी, खिळ्यांची डोकी, फळ्यांचे जोड सगळं उठून दिसतं. बारा वाजायला आले की छज्जाची सावली निम्म्या दारावर उतरते आणि फोटोचे दोन तुकडे होतात. उत्तरेकडे तोंड असलेल्या दारावर हिवाळाभर थेट ऊन येतच नाही. तिथे निळसर सावली असते, म्हणून व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांचा निळसर-पिवळसरपणा ठरवणारी सेटिंग, साडेसहा ते सात हजार केल्विनच्या आसपास ठेवा, नाहीतर सागवान राखाडी दिसतं. समोरून फ्लॅश कधीच मारू नका, तो सगळ्या सावल्या पुसून टाकतो. ऊन मिळणारच नसेल तर सोबतच्या माणसाला बाजूला उभं करून त्याच्या हातात टॉर्च द्या आणि तो भिंतीला जवळजवळ समांतर धरायला सांगा.

दार काळपट आणि फ्रेमभर असेल, तर कॅमेरा त्याला उजळवून फिकं करतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, उणे ०.७ ते उणे १ करा. भोवती चुन्याची पांढरी भिंत जास्त असेल तर उलट होतं, दार काळं पडतं, म्हणून थोडं वाढवा. ऑइल पेंटच्या दारावर आभाळाची चमक येते. लेन्ससमोर लावायचा पोलरायझर फिल्टर ती काढतो, पण अगदी समोरून त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. दोन-तीन पावलं बाजूला गेल्यावरच तो काम करतो. लोखंडी खिळ्यांच्या चमकेवर त्याचा भरवसा धरू नका, तिथे ढग येण्याची वाट बघावी.

अजिंक्यतारा, सज्जनगड, प्रतापगड इथले दरवाजे वेगळं प्रकरण आहे. दोन बुरुजांच्या कुशीत दडवलेल्या दरवाजासमोर मागे जायला जागा कमी, आणि कमानीखालचा अंधार व बाहेरचं ऊन यांत फार फरक. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन फोटो काढून जोडा. ढगाळ दिवस मिळाला तर त्याचीही गरज पडत नाही. फळ्यांमधलं छोटं दिंडीदार उघडं असेल तर ते तसंच ठेवा, माणूस किती वाकून आत जायचा ते त्यावरून कळतं.

सांगलीत कृष्णेच्या बाजूच्या दारांचा खालचा भाग मुद्दाम जवळून टिपा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत ज्या घरांत पाणी शिरलं, त्यांच्या दारांवर कुठे गाळाची रेघ, कुठे सुटलेला रंग, कुठे फुगलेल्या फळ्या सापडतात. रेघेची उंची टेपने मोजून लिहून ठेवा.

दारासमोर लावलेली मोटरसायकल ही रोजची अडचण. "काका, दाराचा फोटो काढायचाय, गाडी जरा पुढे घेता का?" असं विचारलं की बहुतेक जण घेतात. विजेचा मीटर आणि वायरी मात्र राहू द्या. रांगोळीवर पाय देऊ नका, उंबऱ्यावर उभं राहू नका, आणि दारात बसलेल्या आजींना विचारल्याशिवाय त्यांना फोटोत घेऊ नका. फोटो नेटवर टाकायचा असेल तर नावाची पाटी आणि घर नंबर धूसर करा.

पूर्ण दारानंतर कडी-कोयंडा, बिजागरी, आतला अडसर आणि गणेशपट्टी यांचे वेगळे फोटो घ्या. गाव, पेठ, तारीख, दाराचं तोंड कुठल्या दिशेला, उंची-रुंदी, हे त्याच दिवशी लिहा. घरमालकांना फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला की तो लहान होतो आणि मोठ्या छपाईत कोरीवकाम विरघळून जातं.