जुन्या फायबरग्लास फ्लाय रॉडचा सांधा सैल: टकटक आवाज, टोक फिरणे

रॉड (मासेमारीची काठी) 8 फुटी, दोन भागांचा, स्पिगॉट सांध्याचा, म्हणजे खालच्या भागातून निघणारी छोटी दांडी (स्पिगॉट) वरच्या भागाच्या पोकळ नळीत बसते. प्रत्येक कास्टला (दोरी फेकताना) सांध्यात टकटक, थोड्या वेळात टोकाकडचे गाइड (दोरी ओवायच्या कड्या) तिरपे. दोन भागांमध्ये 6 ते 12 मिमी फट दिसायला हवी. इथे स्पिगॉट झिजून ती पूर्ण मिटली होती, त्यामुळे पकडच नव्हती.

आधी स्पिगॉट जाड करायला लावलेल्या नेलपॉलिशचे पापुद्रे निघाले. चिकटपट्टी सरकून गोळा झाली. ती पाचरीसारखी बसून वरची नळी चिरू शकते. चांगला रॉड नुसता पडून राहतो याचा फार वैताग येतो.

उपाय: वरच्या नळीच्या तोंडाला मजबुतीसाठी गुंडाळलेला दोरा तपासा, तडा असेल तर आधी तिथे नवा दोरा गुंडाळून वार्निश करा. नळी आतून आणि स्पिगॉट बाहेरून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. स्पिगॉटवर संथ सुकणाऱ्या एपॉक्सीचा अगदी पातळ हात द्या, 24 तास ठेवा. मग 600 नंबरचा पॉलिशपेपर ओला करून गोल घासा (कोरडे घासू नका, काचेची धूळ उडते), मधूनमधून जोडून बघा. फट 6 मिमीवर आली की थांबा. शेवटी मेणबत्तीचे मेण चोळा.

आवाज पूर्ण गेला. फेनविक कंपनीच्या रॉडमधल्या फेरालाइट सांध्यात टोकाचा भागच खालच्या भागावर चढतो, तिथे फटीचा हा हिशोब लावू नका.