हजेरीपट कोणाचा, हे आधी विचारा

मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यातला. तालुक्याच्या आयटीआयमध्ये फिटरचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला आणि २००९ साली महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या जनरल डब्यातून पुण्याला उतरलो. पुढची तेरा वर्षे चाकण आणि भोसरी भागातील वाहनांच्या व सुट्या भागांच्या कारखान्यांत गेली. पहिले वर्ष अ‍ॅप्रेंटिस म्हणून, नंतरची सहा वर्षे वेगवेगळ्या ठेकेदारांकडे आणि शेवटची सहा वर्षे एका सुट्या भागांच्या कारखान्यात पर्मनंट म्हणून. आता गावी ट्रॅक्टर आणि शेतीच्या अवजारांच्या दुरुस्तीचे वर्कशॉप चालवतो. आयटीआयचा निकाल लागला की आजूबाजूच्या गावांतली मुले वर्कशॉपवर येतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, कंपनीत किती भेटते?"

प्रश्न चुकीचा नाही, पण त्याच्या आधी दुसरा एक प्रश्न विचारावा लागतो. ज्या हजेरीपटावर तुमचे नाव लागणार आहे तो कोणाचा आहे, हा तो प्रश्न. कंपनी एकच, गेट एकच, कँटीनमधली डाळही एकच. पण नाव कंपनीच्या पटावर असेल तर एक आयुष्य आणि ठेकेदाराच्या पटावर असेल तर दुसरे. हे मला कोणी सांगितले नव्हते, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

२०११ साली मी माल वाहून नेणाऱ्या छोट्या गाडीच्या असेंब्ली लाईनवर होतो. माझ्याकडे डावे मागचे चाक होते. चाक बसवायचे, पाच नट हाताने धरवायचे, नटरनरने आवळायचे, मग टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकेच आवळणारा पाना) लावून प्रत्येक नटाला 'टक्' असा आवाज आला की त्यावर पिवळ्या मार्करची रेघ ओढायची. रेघ राहिली तर गाडी पुढच्या तपासणीवर अडकते आणि कोणाचे चाक होते ते नावानिशी कळते. उजव्या चाकावर साताऱ्याकडचे एक पर्मनंट कामगार होते, वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. त्यांचेही नट पाचच, मार्कर तोच आणि गाडी पुढे सरकायच्या आत काम संपवायची घाईही तीच. त्यांचा पगार चौतीस हजार होता आणि माझ्या हाती नऊ हजारांच्या आसपास पडत.

मला त्यांचा राग येत असे, हे कबूल करतो. आमच्या ठेकेदाराचा सुपरवायझर वारंवार सांगायचा की या पर्मनंट लोकांच्या पगारानेच कंपनीचे पैसे संपतात, म्हणून तुम्हाला वाढ मिळत नाही. ते मला पटले होते, कारण पगारातला फरक डोळ्यांसमोर दिसत होता आणि कारखान्याचा ताळेबंद कधी दिसत नव्हता. पुढे मी स्वतः पर्मनंट झालो, तेव्हा शेजारच्या मशीनवरचा यवतमाळचा मुलगा माझ्याकडे त्याच नजरेने पाहू लागला आणि मी या गोष्टीचा नीट विचार करायला लागलो.

हा प्रकार आपल्याकडेच घडतो असे नाही. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटार कंपन्या २००८ च्या मंदीत अडचणीत आल्या, तेव्हा तिथला कामगार तासाला सत्तर डॉलर कमावतो, असे सगळीकडे बोलले गेले. प्रत्यक्षात जुन्या कामगाराची ताशी मजुरी अठ्ठावीस डॉलरच्या आसपास होती. सत्तरच्या आकड्यात विमा, निवृत्तिवेतन आणि आधीच निवृत्त झालेल्या हजारो लोकांच्या औषधोपचाराचा खर्चही मिळवलेला होता. त्याआधी, २००७ च्या करारातच, नव्याने लागणाऱ्यांना साधारण निम्म्या मजुरीवर घेण्याची पद्धत आली होती. म्हणजे तिथेही एकाच लाईनवर दोन दर झाले. मजुरी कमी झाली म्हणून कारखाने वाचले, असेही घडले नाही: जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या दोन्ही कंपन्या २००९ मध्ये दिवाळखोरीत गेल्या. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या कामगारांनी तीन कंपन्यांविरुद्ध एकाच वेळी संप केला, तेव्हा पगारवाढीइतकीच ही दोन दरांची पद्धत मोडण्याची मागणीही पुढे होती, आणि करारात चार-साडेचार वर्षांत मिळून पंचवीस टक्के मूळ वाढ मिळाली. उजव्या चाकावरच्या माणसाचा पगार कापून डाव्या चाकावरच्याचा पगार वाढत नाही, ही गोष्ट त्यांना आमच्या आधी कळली होती.

आपल्या देशात कारखान्यांच्या वार्षिक पाहणीत शतकाच्या सुरुवातीला कंत्राटी कामगारांचे प्रमाण सुमारे वीस टक्के होते, ते आता चाळीसच्या पुढे गेले आहे. 'कारखान्यातल्या नोकऱ्या कमी झाल्या' असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा एक अर्थ हा आहे: काम शिल्लक असते, पण त्याला नोकरी म्हणावे असे काही उरत नाही. दुसरा अर्थ अधिक सरळ आहे. बॉडी शॉपमध्ये वेल्डिंग करणारे रोबो आले आणि जिथे पूर्वी वेल्डरांची रांग असे, तिथे आता जाळीच्या आत यंत्रे हलतात आणि बाहेर दोन-तीन माणसे पॅनेल पाहतात. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन नाही, सायलेन्सर नाही आणि गिअरबॉक्सही साधा. त्यामुळे ते भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांतले काम पुढे कमी होणार, हे धरून चाला.

गावाकडचा दृष्टिकोन हा माझ्या मते सर्वांत अवघड भाग आहे. वर्तमानपत्रात 'कामगारांना अठरा हजारांची वाढ' असा मथळा आला की पारावर दुसऱ्या दिवशी चर्चा सुरू होते. "आमच्या कापसाले भाव नाही अन् याले बोल्ट आवळाचे साठ हजार," हे वाक्य मी सख्ख्या काकांच्या तोंडून ऐकले आहे. त्या मथळ्यातली वाढ बहुतेक वेळा तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणारी असते, तीत पीएफपासून (भविष्य निर्वाह निधी) बसपर्यंत सगळे मोजलेले असते, आणि त्याच करारात दर पाळीला इतक्या गाड्या जास्त काढायच्या असेही कलम असते, हे कोणी छापत नाही. काकांच्या वाक्यातले दुःख मात्र खरे आहे. पऱ्हाटीला वर्षभर राबून हाती काही उरत नसेल, तर महिन्याला ठरलेला पगार घेणारा माणूस परका वाटणारच. मी त्यांना एवढेच म्हणतो की फिटरचा पगार कमी झाल्याने कापसाचा भाव एक रुपयानेही वाढणार नाही. उलट कारखान्याचा पगार शेताला लागतो, आमच्याच घरात याचा पुरावा आहे.

माझे मोठेबाबा आमच्या भागातल्या एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. पाळी संपवून आले की त्यांच्या भुवयांवर आणि कानांमागे कापसाची पांढरी भुकटी असायची आणि माय त्यांना अंगणातच हातपाय धुवायला लावायची. वावरातली विहीर त्यांच्या दिवाळीच्या बोनसवर खोदली गेली. माझ्या बाबांना बैलजोडी त्याच पैशातून मिळाली. गिरणी बंद झाली तेव्हा लोक म्हणाले, कामगार माजले होते, पगार वाढवून मागत होते, म्हणून बुडाली. मोठेबाबांचे साचे मात्र त्यांच्या तरुणपणापासून तेच होते. नवी यंत्रे कधी आलीच नाहीत, आणि यंत्रमागाचे स्वस्त कापड बाजारात आल्यावर त्या जुन्या साच्यांवरचे कापड टिकणे शक्य नव्हते. विदर्भाने हे सगळीकडे पाहिले आहे. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल उभा आहे. अचलपूरची फिनले मिल सरकारी महामंडळाची असूनही २०२० च्या टाळेबंदीत थांबली. पुण्याजवळ तळेगावला जनरल मोटर्सने २०२० च्या डिसेंबरमध्ये उत्पादन बंद केले, पण त्याआधी तीन वर्षे भारतात गाड्या विकणेच तिने थांबवले होते. विक्री नसलेला कारखाना कामगाराच्या पगारामुळे बंद झाला, असे म्हणणे अन्यायाचे आहे.

आता प्रत्यक्ष उपयोगाचे.

अ‍ॅप्रेंटिसशिपला नोकरी समजू नका. १९६१ च्या कायद्याप्रमाणे वर्ष संपल्यावर तुम्हाला कामावर ठेवणे कंपनीवर बंधनकारक नाही, आणि मिळते ते विद्यावेतन असते. तरी ती करा, आणि मोठ्या कारखान्यात करा, कारण शेवटी मिळणारे राष्ट्रीय प्रमाणपत्र पुढे सगळीकडे मागतात. त्या वर्षात लाईनवर पाट्या टाकण्यापेक्षा टूलरूम किंवा मेंटेनन्समध्ये बदली मागावी. मी मागितली नाही, याची खंत अजून आहे.

पगाराचा आकडा ऐकला की कागद मागा. समजा, मूळ पगार व महागाई भत्ता १५,००० आणि घरभाडे ३,००० असे मिळून १८,००० सांगितले. त्यातून पीएफचे बारा टक्के म्हणजे १,८०० जातील, ईएसआयचे (कामगार विमा) पाऊण टक्का म्हणजे १३५ आणि व्यवसायकर २००. हाती १५,८६५ राहतील, आणि त्यातून कँटीन, खोलीचा वाटा, मेस आणि गावाकडे पाठवायचे पैसे. मालकाचा पीएफचा हिस्सा तुमच्या पगारातून कापणारे ठेकेदार आहेत. स्लिपवर पीएफ दोनदा कापलेला दिसला तर त्याच दिवशी विचारा. जादा तासांचा दर कायद्याने दुप्पट आहे. बोनस किमान ८.३३ टक्के, आणि वर्षात तीस दिवस काम केलेल्यालाही तो लागू होतो. वर्ष पूर्ण झाले नाही म्हणून बोनस नाही, हे उत्तर मी दोनदा ऐकून गप्प बसलो, तुम्ही बसू नका.

माझ्या पहिल्या ठेकेदाराने सात महिने पीएफ कापला आणि भरला नाही. ते मला दोन वर्षांनी पीएफ कार्यालयात रांगेत उभे राहिल्यावर कळले. खिडकीतल्या बाईंनी नाव शोधले आणि या नावाने काही जमाच नाही, असे सांगितले. तेव्हा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ क्रमांक, नव्हता. आता आहे, उमंग अ‍ॅपवर पासबुक दिसते, त्यामुळे दर महिन्याच्या वीस-बावीस तारखेला ते उघडून पाहण्याची सवय लावा. ब्रेक मिळाला की पीएफ काढून मोबाईल किंवा गाडी घेणारी मुले मी खूप पाहिली. मालकाच्या बारा टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात आणि पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते. पीएफबरोबर पेन्शनचीही रक्कम काढून घेतली की ती वर्षेही जातात. क्रमांक एकच ठेवा आणि रक्कम नव्या खात्यात वळवा.

'ब्रेक' म्हणजे काय, तेही सांगतो. वर्षात २४० दिवस भरले की कामगाराचा कायदेशीर हक्क बळकट होतो, म्हणून सातव्या महिन्याच्या शेवटी गेटवर ओळखपत्र काढून घेतात आणि महिन्याभराने नव्या नावाच्या एजन्सीतर्फे पुन्हा बोलावतात. त्या महिन्यात खोलीचे भाडे चालूच असते. किमान दोन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय घरी हप्ता कबूल करू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे आले आहे आणि ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरील कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीही (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) आहे. म्हणून नेमणूकपत्रावर 'ठरावीक मुदत' लिहिले आहे की 'ट्रेनी', हे वाचूनच सही करा.

शिक्षण थांबवू नका. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. माझ्याबरोबरच्या ज्या मुलांनी पीएलसी (यंत्रे चालवणारा संगणकासारखा नियंत्रक), हायड्रॉलिक्स आणि रोबोची देखभाल शिकून घेतली, ती आमची लाईन बंद झाली तेव्हाही कामावर राहिली. मी चाके आणि ब्रॅकेट यांतच राहिलो, आणि २०२२ मध्ये स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करून निघालो. जवळच्या नोकरीलाही कमी लेखू नका. नागपूरजवळ बुटीबोरी किंवा हिंगण्याला दोन-तीन हजार कमी मिळाले तरी खोली, मेस आणि दिवाळीचे ट्रॅव्हल्सचे भाडे वाचते, आणि सोयाबीन काढणीला दोन दिवस घरी येता येते.

गेल्या जूनमध्ये माझा पुतण्या रांजणगावला गेला. रुजू होण्याच्या दिवशी त्याने मला फोटो पाठवला. मला वाटले गेटसमोरचा असेल. तो त्याच्या हजेरी कार्डाचा होता, वरच्या कोपऱ्यात एजन्सीचे नाव आणि खाली यूएएन क्रमांक. मी त्याला फोन करून विचारले की लाईनवर त्याच्या शेजारी पर्मनंट कोण आहे. त्याने नाव सांगितले आणि म्हणाला, "काका, ते म्हणतात टॉर्क रेंच कसा धरायचा ते उद्या दाखवतो."