भोसरीतली प्लेट परदेशात नेताना

हाड जोडण्याच्या टायटेनियम प्लेट आणि स्क्रू बनवणारी नवी कंपनी देशात जरा स्थिरावली, की तिला परदेशी प्रदर्शनात स्टॉल मांडण्याचे वेध लागतात. स्टॉलला वर्षभर उशीर झाला तरी चालेल. त्याआधी कोणत्या देशात, कोणत्या हाडासाठी आणि कोणत्या दाव्यासह हे उत्पादन विकायचे, हे एका पानावर लिहून काढावे, कारण पुढच्या सगळ्या चाचण्या त्या पानावरूनच ठरतात.

अमेरिकेत साध्या प्लेटसाठी बहुधा ‘५१०-के’ हा मार्ग लागू होतो. तिथे आधीपासून कायदेशीर विक्रीत असलेल्या उत्पादनाशी आपले उत्पादन समतुल्य आहे, हे सिद्ध करावे लागते. रुग्णांवरील चाचणी सहसा लागत नाही. त्यामुळे तुलनेचे उत्पादन ड्रॉइंग पक्के करण्याआधीच निवडावे. नंतर प्लेटची जाडी अर्ध्या मिलिमीटरने जरी कमी केली, तरी वाकवण्याची आणि फटीगची, म्हणजे वारंवार भार देऊन ती कधी तुटते हे पाहण्याची, चाचणी बहुधा पुन्हा करावी लागते, आणि फटीग चाचणीत एकेका नमुन्यावर सामान्यतः दहा लाख आवर्तनांपर्यंत भार दिला जातो.

युरोपचे नियम, विशेषतः फ्रान्समध्ये २०१० साली उघडकीस आलेल्या सिलिकॉन इम्प्लांटच्या घोटाळ्यानंतर, कडक झाले आणि नवी नियमावली २६ मे २०२१ पासून लागू झाली. प्लेट आणि स्क्रू यांना तिच्यात काही सवलती आहेत खऱ्या, पण वैद्यकीय मूल्यमापन आणि विक्रीनंतरची देखरेख यांतून सुटका नाही. आयएसओ १३४८५ ही गुणवत्ता प्रणाली मात्र दोन्हीकडे उपयोगी पडते. अमेरिकेनेही २ फेब्रुवारी २०२६ पासून आपल्या नियमांत तिचाच आधार घेतला आहे.

ही प्रणाली नीट रुजली आहे का, हे पाहायला सल्लागार लागत नाही. गोदामातून साडेतीन मिलिमीटरचा कोणताही एक स्क्रू उचलावा. त्याच्या लॉट नंबरवरून जॉब कार्ड, कार्डावरून मशीन, ऑपरेटर आणि तपासणीच्या नोंदी, पुढे टायटेनियम बारचा हीट नंबर (धातू कोणत्या वितळणीतला, तो क्रमांक) आणि शेवटी बार पुरवणाऱ्याचे टेस्ट सर्टिफिकेट हातचा चहा संपेपर्यंत समोर आले पाहिजे. नाही आले, तर विक्री अधिकारी नेमण्याआधी या साखळीवर पैसा खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वितरक नेमताना उत्पादनाची सरकारी नोंदणी कोणाच्या नावावर राहणार, हे आधी ठरवावे. ब्राझीलसारख्या देशात ती स्थानिक संस्थेच्याच नावावर होते; ती संस्था आपला वितरकच असेल, तर उद्या त्याच्याशी बिनसल्यावर अख्खी बाजारपेठ त्याच्या मुठीत राहते. स्वतंत्र नोंदणीधारक महाग पडतो, तरी तो परवडतो.

वाढीचा खरा ताण मात्र सेटवर येतो. शस्त्रक्रियेत एक प्लेट आणि सहा-आठ स्क्रू लागतात, पण कोणता आकार लागेल हे टेबलावरच ठरत असल्याने प्रत्येक लांबीचे नग, ड्रिल, गाइड आणि स्क्रूड्रायव्हर असा पूर्ण सेट रुग्णालयात ठेवावा लागतो, आणि पैसे फक्त वापरलेल्या नगांचे मिळतात. म्हणून पहिल्या वर्षी एकाच शहरातली दोन-तीन रुग्णालये घ्यावीत आणि परत आलेल्या सेटमधल्या रिकाम्या खोबणी दर आठवड्याला मोजाव्यात. पुढचा सेट कोणत्या लांब्यांचा भरायचा आणि कोणत्या बनवायच्याच नाहीत, हे त्या मोजणीवरून ठरवावे.