खासदारांकडे निवेदन नेण्याआधी प्रश्न लिहा

जिंतूर तालुक्यातल्या गावात माझं सेवा केंद्र आहे. सोयाबीन काढणीला आलं अन् पाऊस लागला की शेंगेतच दाण्याला कोंब फुटतात. २०२५ च्या खरिपाआधी पीक विम्यासाठी ७२ तासांत नुकसान कळवावं लागायचं, म्हणून माझ्या दारात रांग लागायची. एका वर्षी विम्याचे पैसे अडकले, तेव्हा मी चाळीस सह्यांचं निवेदन खासदारांना दिलं. "गोरगरिबांकडे लक्ष द्यावे, ही नम्र विनंती." पुढं काहीच झालं नाही. होणार तरी कसं, त्यात विचारलेलं काहीच नव्हतं.

मंत्र्याला जाब विचारायचा हक्क ही खासदाराच्या हातातली मोठी ताकद. लोकसभेत सकाळी ११ वाजता प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. दिवसाला २० तारांकित प्रश्न असतात. त्यांचं उत्तर मंत्री तोंडी देतात, वर पुरवणी प्रश्नही विचारता येतात. २३० अतारांकित प्रश्नांची उत्तरं लेखी येतात. आपल्याला आकडे हवे असतील तर अतारांकितच बरा.

आधी विषय कुणाचा ते बघा. पंचनामा, तलाठी, रेशन दुकान यासाठी आमदाराकडे जा. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, पोस्ट, प्रधानमंत्री पीक विमा योजना हे दिल्लीचं.

आता मजकूर. यातच सगळं आहे. "विमा कंपन्या शेतकऱ्यांना लुबाडतात हे खरं आहे का?" असं लिहिलं तर प्रश्न बाद होऊ शकतो, आरोप, उपरोध, वाद घालणं नियमात बसत नाही. शब्दही साधारण १५० च्या आत हवेत. राग कितीही खरा असला तरी तो बाजूला ठेवून असं लिहा:

"(अ) गेल्या तीन खरीप हंगामांत परभणी जिल्ह्यात सोयाबीनचा विमा किती शेतकऱ्यांनी उतरवला, (ब) किती दावे मंजूर, किती नामंजूर झाले, (क) नामंजुरीची कारणे काय, (ड) थकीत रक्कम कधीपर्यंत देणार?"

अशा प्रश्नाला "लक्ष घालू" म्हणून वाटेला लावता येत नाही.

प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो आणि नंबर सोडतीनं लागतो. म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की लगेच कागद खासदारांच्या स्वीय सहायकाच्या हातात द्या, पोच घ्या. सोडतीत नाही निघाला तर पुन्हा द्या. कंटाळू नका.

उत्तर लोकसभेच्या संकेतस्थळावर येतं. "माहिती गोळा करून सभागृहात ठेवू" असं त्यात असेल तर ते आश्वासन धरलं जातं. ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यावर लोकसभेची वेगळी समिती नजर ठेवते. ती तारीख कॅलेंडरवर लिहा. उत्तराची छापील प्रत काढून प्रश्न क्रमांकाखाली रेघ ओढा आणि तालुका कृषी कार्यालयात जाताना ती सोबत न्या.