किमान वेतन वाढले की आधी वहीत काय मांडावे

किमान वेतनाचा नवा दर लागू झाला की लहान व्यावसायिक पहिला विचार करतो तो माणूस कमी करण्याचा. हा विचार सर्वांत शेवटी करावा. त्याआधी एका संध्याकाळचा हिशेब मांडावा.

प्रथम आपल्याला कोणता दर लागू आहे ते पाहावे. महाराष्ट्रात दर उद्योगानुसार, परिमंडळानुसार (म्हणजे गावा-शहरांच्या गटानुसार) आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल या वर्गवारीनुसार ठरत आले आहेत, त्यामुळे कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील मशिन शॉप आणि महाद्वार रोडवरील कापड दुकान यांना एकच आकडा लावू नये. मूळ दर पुष्कळदा कित्येक वर्षे तसाच राहतो, मात्र त्यावर महागाईपोटी मिळणारा विशेष भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे जानेवारी आणि जुलैत बदलतो. या दोन्हींच्या बेरजेहून कमी पगारावर कामगार राजी असला तरी ती संमती कायद्यापुढे टिकत नाही आणि ‘धंद्याला परवडत नाही’ ही सबबही चालत नाही.

आता वाढीचा भार मालाच्या नगावर उतरवावा. समजा, मिसळीच्या हॉटेलात सहा माणसे आहेत आणि प्रत्येकामागे महिन्याला १,३०० रुपये वाढले, तर एकूण वाढ ७,८०० रुपयांची झाली. रोज १५० प्लेट आणि महिन्याचे २६ दिवस धरले, तर ३,९०० प्लेट होतात, म्हणजे प्लेटमागे दोन रुपये. ७,८०० या आकड्याने घाबरलेला मालक दोन रुपयांचा मार्ग शोधू शकतो: दर थोडा वाढवावा किंवा जादा ब्रेडचे वेगळे पैसे घ्यावेत. (जादा रश्श्याला मात्र हात लावू नये, कोल्हापुरात गिऱ्हाईक तेवढ्यावरून हॉटेल बदलते.)

वीसपेक्षा जास्त कामगार असलेल्या फाउंड्रीचा हिशेब अधिक खोल जातो, कारण वाढ पगारावर थांबत नाही. भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा हिस्सा १२ टक्के, राज्य कामगार विमा ३.२५ टक्के आणि किमान बोनस ८.३३ टक्के धरला, तर १,००० रुपयांची वाढ सुमारे १,२३५ रुपयांना पडते. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो, म्हणून सवयीने चालणारे जादा तास आधी तपासावेत. पुष्कळ ठिकाणी खरी गळती तिथेच असते.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे पगारातील अंतर. काल आलेल्या हेल्परचा पगार कायद्याने वाढतो, पण दहा वर्षे लेथवर उभ्या असलेल्या टर्नरचा पगार आधीच किमान दराच्या वर असल्याने जागेवरच राहतो. मग तो गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत दुसरे काम पाहू लागतो. त्यामुळे हेल्परची वाढ मांडतानाच टर्नरसाठीही रक्कम बाजूला काढावी, भले ती निम्मी असो.

जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कारखान्याचे काम मजुरीवर, करणाऱ्यांना दर स्वतःहून वाढवता येत नाही. त्यांनी नवी ऑर्डर घेतानाच, विशेष भत्ता बदलल्यास मजुरीचा दर त्या प्रमाणात बदलेल, असे कलम लेखी घालून घ्यावे आणि जानेवारी व जुलैत नगामागील वाढीचा हिशेब जोडून पत्र द्यावे. तोंडी मागणी पुढच्या ऑर्डरवर ढकलली जाते, हिशेबाच्या कागदावर निदान घासाघीस तरी सुरू होते.